भाताच्या मुलुखातील घर

शहरात दोन खोल्यांच्या जागेत संसार केलेल्या कुटुंबाला गावाकडे, झाडांच्या सावलीत, आपले स्वतःचे घर असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. वडिलोपार्जित जमीन असली म्हणजे ही इच्छा अधिकच बळावते. परंतु हिरव्या परिसरात बांधलेले घर निसर्गाशी जुळलेले असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या उलट घडते. भाताचे सुपीक खाचर बुजवून जोते उभारले जाते, शेताला पाणी नेणारा पाट अडतो, चारही बाजूंनी तापणाऱ्या भिंतींमुळे रात्रंदिवस विजेची यंत्रे चालवावी लागतात, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जमिनीत अधिकाधिक खोल जावे लागते. अशा घराच्या खिडकीतून शेते दिसतात खरी. पण त्या शेतांचा ऱ्हासही त्याच घरापासून सुरू होतो.

कुटुंबासाठी बांधावयाचे ग्रामीण घर दीर्घकाळ टिकणारे, थोडक्या इंधनावर चालणारे आणि भोवतालच्या जमिनीला व पाण्याला न दुखवणारे कसे करावे, हा प्रस्तुत प्रकरणाचा विषय आहे. उदाहरणादाखल तमिळनाडूतील तंजावर हा प्रदेश घेतला आहे. मराठी वाचकाला हे नाव परके नाही. 1676 ते 1855 या काळात तेथे भोसले घराण्याचे राज्य होते, आणि तेथील जुन्या घरांचे वर्णन वाचताना ओसरी, चौक, माजघर, परसू या आपल्या परिचयाच्या गोष्टी वेगळ्या नावांनी भेटत राहतात.

मुलूख आणि हवामान

तिरुचिरापल्लीच्या परिसरात कावेरीपासून कोल्लिडम नदी फुटते आणि तेथून पूर्वेला समुद्रापर्यंत त्रिभुज प्रदेश पसरतो. करिकाल चोळाच्या नावाने ओळखला जाणारा कल्लणै हा प्राचीन बंधारा या पाण्याची वाटणी करतो. 1934 मध्ये मेट्टूरचे धरण पूर्ण झाले आणि कल्लणैपासून निघणारा नवा कालवाही त्याच योजनेत सुरू झाला. तंजावर शहर त्रिभुज प्रदेशाच्या कडेवर वसले आहे. शहराच्या उत्तरेस व पूर्वेस गाळाची सपाट, भारी जमीन आहे. दक्षिणेस व नैर्ऋत्येस वल्लमकडे जावे तशी जमीन उंच होत जाते आणि माती तांबडी होते. घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

येथील वार्षिक पर्जन्यमान सुमारे 1000 मिलिमीटर असून त्यातील मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मान्सूनमध्ये पडतो. महाराष्ट्रात ज्या वेळी शेते भिजत असतात त्या जून-जुलैमध्ये येथे पश्चिमेकडून जोराचा, बहुधा कोरडा वारा वाहतो. तमिळ भाषेने चार दिशांच्या वाऱ्यांना चार स्वतंत्र नावे दिली आहेत : दक्षिणेकडून येणारा सुखद वारा तो तेन्ड्रल, उत्तरेचा थंड वारा तो वाडै, पूर्वेचा पाऊस आणणारा तो कोंडल आणि पश्चिमेचा उष्ण वारा तो कोडै. ही चार नावे म्हणजे घराच्या आराखड्याचे एक सूत्रच होय. तेन्ड्रल आत घ्यावा, कोडै अडवावा, कोंडलबरोबर येणारा पाऊस भिंतीवर येऊ देऊ नये आणि वाडैसाठी झडप मिटता यावी, एवढे साधले तर घराचे अर्धे काम झाले.

जुन्या घराची रचना

तंजावरच्या खेड्यांतील जुने घर दोन प्रकारचे होते. सधन वस्तीत एकास एक लागून असलेली, अरुंद पण खोल घरांची रांग असे. रस्त्याच्या कडेला खांबांवर उतरते छप्पर पेललेला ओटा, म्हणजे तिण्णै. त्यातून आत जाणारा बोळ. मग आकाशाला उघडा असलेला चौक, म्हणजे मुट्रम, आणि त्याभोवती कूडम हे माजघर. त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी विहीर, केळी व गुरांचा गोठा असलेले परसू, म्हणजे कोल्लै. चौकातून तापलेली हवा वर निघून जाई, दोन्ही टोकांची दारे उघडी ठेवली की आरपार वारा खेळे, आणि चारही उतरणींचे पाणी चौकात पडून मोठ्या भांड्यांत साठवले जाई.

या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ब्राह्मणवस्तीचा रस्ता, म्हणजे अग्रहार, प्रायः पूर्व-पश्चिम असे. त्यामुळे घरांची तोंडे उत्तरेला किंवा दक्षिणेला येत आणि पूर्व व पश्चिम या दोन्ही भिंती शेजाऱ्यांच्या घरांना लागून असत. उष्ण कटिबंधात घराला सर्वाधिक ताप होतो तो सकाळी पूर्वेच्या आणि दुपारनंतर पश्चिमेच्या उन्हाचा. रांगेतील घराला हे ऊन लागतच नसे. शेजारी हाच त्या घराचा आडोसा होता.

अर्थात ही सावली सर्वांच्या वाट्याला आली नाही. अग्रहार एकाच जातीचा होता. शेतात राबणाऱ्यांची वस्ती गावापासून दूर, सखल जागी असे. त्यांच्या झोपड्या मातीच्या भिंतींच्या आणि नारळीच्या किंवा ताडाच्या झापांनी शाकारलेल्या होत्या. त्या थंड असत. परंतु पावसात त्यांच्या भिंती ढासळत, आग लवकर लागे आणि झापे वारंवार बदलावी लागत. म्हणून जुन्या वास्तुकलेकडून शिकताना तिच्यातील विषमता नव्हे, तर ऊन, वारा व पाणी यांविषयीचे ज्ञान घ्यावयाचे आहे.

वस्तीपासून अलग उभ्या राहणाऱ्या इमारतींचे उदाहरण मराठा राजांच्या छत्रांत सापडते. सरफोजी दुसरे (राज्यकाल 1798 ते 1832) यांनी 1802 मध्ये तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. वाटसरूंच्या निवासाची व भोजनाची सोय करणाऱ्या अशा इमारतींना आडोसा देणारे शेजारी नव्हते. खांबांच्या पडव्या आणि आतील चौक यांनी ती उणीव भरून काढली. शेतात एकटे घर बांधणाऱ्या कुटुंबापुढे आज हाच प्रश्न असतो.

जागेची निवड

तंजावरच्या खेडुताने जमिनीचे तीन भाग केले होते : पाण्याखालील भातजमीन ती नंजै, कोरडवाहू जमीन ती पुंजै, आणि राहण्यासाठी राखलेली उंचवट्याची जागा ती नत्तम. पावसाळ्यात भोवताली पाणी भरले तरी नत्तम बेटासारखे कोरडे राही. हा जुना विवेक आजही पहिला नियम ठरावा. नंजैवर घर बांधू नये. तेथील माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पाया हलतो व भिंतींना तडे जातात. पावसाळ्यात भूजल अगदी वर येते. आणि एकदा भराव टाकला की ते खाचर पुन्हा पिकत नाही. तंजावरकडे जमीन वेली व मा या मापांनी मोजीत. वीस मा म्हणजे एक वेली, आणि एक मा म्हणजे सुमारे एक तृतीयांश एकर. घर, अंगण, वाहनाचा रस्ता व कुंपण यांत एक मा सहज निघून जाते. लहान शेतकऱ्याच्या कुटुंबाला हा तोटा थोडा नव्हे.

शक्य तर गावठाणातील पडके घर दुरुस्त करावे. ते न जमल्यास पुंजै जमीन निवडावी. सखल जागेवाचून पर्यायच नसेल तर जोते गावातील सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेहून वर न्यावे. त्यासाठी लागणारी माती शेतातून खरवडून न आणता त्याच जागेत तळे खणून काढावी. गावातील कुळम, म्हणजे तळी, याच रीतीने जमिनीच्या बरोबर नांदत आली आहेत. जोत्याला भराव मिळतो, पावसाचे पाणी साठते आणि विहिरीला पाझर लागतो.

ऊन आणि वारा

तंजावर विषुववृत्तापासून सुमारे 11 अंश उत्तरेस आहे. त्यामुळे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो. मधल्या चार महिन्यांत तो उत्तरेकडे असतो, म्हणून उत्तरेच्या भिंतीलाही छज्जा हवा. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य दक्षिणेकडे 56 अंशांवर असतो. त्या वेळी 90 सेंटिमीटरच्या छज्ज्याची सावली भिंतीवर सुमारे 1.3 मीटर खाली उतरते, म्हणजे खिडकी झाकली जाते. उत्तर व दक्षिण या दिशा अशा रीतीने थोड्या खर्चात सांभाळता येतात.

पश्चिमेचे तसे नाही. मार्च व सप्टेंबरमध्ये सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून 30 अंशांहूनही खाली असतो आणि त्याचे किरण कोणत्याही छज्ज्याखालून आत शिरतात. म्हणून घर पूर्व-पश्चिम लांब आणि उत्तर-दक्षिण अरुंद असावे, म्हणजे तापणाऱ्या बाजू आखूड राहतात. पश्चिम टोकाला कोठार, न्हाणीघर व जिना ठेवावा. या खोल्यांत माणसे फार वेळ बसत नाहीत, आणि त्या शेजाऱ्याच्या भिंतीचे काम करतात. पूर्व टोकाला स्वयंपाकघर असावे. सकाळच्या उन्हाने ते कोरडे राहते आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर धूर घराबाहेर जातो. निजण्याच्या खोल्या दक्षिणेला ठेवल्या तर तेन्ड्रलचा लाभ मिळतो; मात्र त्यांच्यासमोर उत्तरेलाही उघड्या जागा हव्यात, कारण बाहेर पडण्यास वाट नसेल तर वारा आतही येत नाही.

सहा माणसांच्या कुटुंबासाठी पूर्व-पश्चिम 15 मीटर व उत्तर-दक्षिण 8 मीटर, म्हणजे 120 चौरस मीटरचे घर पुरेसे होते. मध्यभागी 3 मीटर लांबी-रुंदीचा चौक ठेवला तरी राहण्याच्या जागेची अडचण होत नाही. पुढे मुलांचे संसार वाढतील या अंदाजाने आजच दुप्पट बांधकाम करणे ही नेहमीची चूक आहे. त्याऐवजी पूर्वेकडे वाढ करता येईल अशी जागा व दारे ठेवावीत.

भिंत आणि छप्पर

विटांची माती बहुधा शेतातूनच येते. ती भट्टीवर भाजण्यास लाकूड किंवा कोळसा लागतो. म्हणून प्रत्येक वाचवलेली वीट शेताच्याच उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये 1917 साली जन्मलेले आणि केरळला कर्मभूमी मानणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर (मृत्यू 2007) यांनी विटा काठावर उभ्या ठेवून मध्ये पोकळी राखण्याच्या बांधणीचा भारतात प्रसार केला. तिला गवंडी ‘रॅट-ट्रॅप’ बांधणी म्हणतात. तिच्यामुळे सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. वल्लमकडील रेताड तांबडी माती मिळत असेल तर थोडे सिमेंट मिसळून दाबयंत्राने घडवलेल्या, न भाजलेल्या विटाही वापरता येतात. त्रिभुज प्रदेशातील चिकणमाती मात्र या कामास सरळ उपयोगी पडत नाही.

छपराचा विचार अधिक काळजीने केला पाहिजे, कारण एकमजली घरात सर्वांत अधिक उष्णता तेथूनच येते. काँक्रीटचा उघडा धाबा दिवसभर तापतो आणि रात्री माणसे निजली असता ती उष्णता खाली सोडतो. जुन्या ‘मद्रास धाब्या’त सागवानी तुळयांवर विटा काठावर चुन्यात बसवीत, त्यावर विटांच्या खडीचा चुना-काँक्रीट थर घालीत आणि सर्वांत वर पातळ विटांची फरशी करीत. चुन्यात हिरडा व गूळ भिजवलेले पाणी मिसळण्याची पद्धत होती. किनाऱ्यावरचे शिंपले भाजून हा चुना मिळे. आज सागवानाच्या तुळया परवडणे कठीण आहे. परंतु पक्व ताडाचे वासे, त्यावर रिपा आणि दोन थरांची कौले हे छप्पर बहुतेकांच्या आवाक्यातील आहे. धाबा करावयाचाच असेल तर बेकर यांच्या पद्धतीने स्लॅबच्या खालच्या भागात कौले भरावीत. काँक्रीट कमी लागते आणि ताप काहीसा उतरतो.

पाणी

पाण्याचा हिशेब घर बांधण्यापूर्वी कागदावर मांडला पाहिजे. 120 चौरस मीटर छपरावर वर्षभरात 1000 मिलिमीटर पाऊस पडला तर 1,20,000 लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या सरीचे वाहून द्यावयाचे पाणी वजा केल्यास सुमारे 80 टक्के, म्हणजे 96,000 लिटर हाती येते. सहा माणसांना पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी माणशी 10 लिटर धरल्यास दररोज 60 लिटर लागतात. जानेवारी ते सप्टेंबर या सुमारे 270 दिवसांसाठी 16,200 लिटर साठा हवा. 3 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.8 मीटर खोल पाणी राहील अशा टाकीत तो बरोबर मावतो. चौकाच्या खाली ही टाकी बांधली तर तिला सावलीही मिळते.

मात्र एवढ्यावरून घर पाण्याबाबत स्वयंपूर्ण झाले असे समजू नये. न्हाणे, धुणे व इतर वापरासाठी माणशी आणखी 90 लिटर धरले तर वर्षाला दोन लाख लिटरांजवळ गरज जाते, आणि छपराचे पाणी तिला पुरत नाही. उरलेले पाणी विहिरीतूनच येणार. म्हणून टाकी भरल्यावर वाहणारे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीकडे वळवणे हे कर्तव्य ठरते. तमिळनाडू शासनाने 2003 मध्ये सर्व इमारतींना पर्जन्यजलसंचय सक्तीचा केला. परंतु या प्रदेशातील दृष्टी त्याहून पुष्कळ जुनी आहे. सोळाव्या शतकात शेवप्पा नायकाच्या नावाने बांधलेल्या तलावातील पावसाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी तंजावरच्या शिवगंगा तलावात नेले जात असे.

सांडपाण्याची सोय हा त्याच हिशेबाचा दुसरा भाग होय. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी केळीच्या आळ्यात सोडण्याची परसातील चाल उत्तम आहे. शौचालयाचा खड्डा मात्र जेथे पावसाळ्यात भूजल वर येते तेथे विहीर दूषित करतो. अशा ठिकाणी खड्डा न खणता जमिनीच्या वर बांधलेले, मळाचे खत करणारे शौचालय योग्य ठरते. तिरुचिरापल्ली जिल्ह्यातील मुसिरी परिसरात या शतकाच्या पहिल्या दशकात अशी शौचालये बांधली गेली.

झाडे आणि वादळ

एकट्या घराला पश्चिमेचा आडोसा देण्याचे काम शेवटी झाडेच करतात. पण कोणते झाड कोठे, याला महत्त्व आहे. 16 नोव्हेंबर 2018 च्या पहाटे ‘गज’ चक्रीवादळ नागपट्टिनम व वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले आणि पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या भागांतील नारळीच्या बागा मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्या. वर्षानुवर्षे जोपासलेले कुटुंबाचे उत्पन्न एका रात्रीत गेले, आणि घरावर पडलेल्या झाडांनी छपरेही मोडली. नारळीची मुळे उथळ पसरतात. म्हणून नारळ घरापासून आपल्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर असावा. पश्चिमेला कडुनिंब, करंज व मोह यांची दुहेरी रांग काही अंतर राखून लावावी. तिच्यामुळे कोडै वाऱ्याची धूळही अडते. शेताच्या बांधावर ताड लावावा. तो वादळात सहसा टिकतो, आणि आज लावलेला ताड नातवंडांच्या छपराला वासे पुरवील.

सावलीसाठी खोल पडवी हवी आणि वादळात मात्र तीच पडवी वाऱ्याला शीडासारखी सापडते, हा एक खरा पेच आहे. त्यावर उपाय म्हणजे पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवणे. वाऱ्याने ते उचलले तरी घरावरचे छप्पर शाबूत राहते. मुख्य छपराला चार उतरणी असाव्यात, उतार सुमारे 30 अंशांचा असावा, वासे भिंतीतील पट्ट्याशी लोखंडी पट्टीने जखडावेत आणि कडेची कौले तारेने बांधावीत. एक खोली तरी पक्क्या स्लॅबची असावी. वादळाच्या रात्री सर्व कुटुंबाला, आणि प्रसंगी शेजारच्या वस्तीतील माणसांनाही, तेथे आश्रय घेता येतो.

समारोप

येथवर सांगितलेल्या उपायांत महागडे असे फारसे काही नाही. बहुतेकांची जागा आराखड्याच्या पहिल्या कागदावरच ठरते. घराची लांबी कोणत्या दिशेला ठेवावी यासाठी पैसा लागत नाही, आणि ती चुकली तर नंतर कितीही पैसा खर्चून ती दुरुस्त होत नाही. कौले दरवर्षी पाहावी लागतात, चुन्याचा हात फिरवावा लागतो, गाळणी व पन्हळ पावसापूर्वी साफ करावे लागतात. जे कुटुंब वर्षातून चार दिवसच गावी येणार आहे त्याने असे घर बांधण्यापूर्वी ही राखण कोण करणार याचा निश्चय करावा.

रांगेतील जुन्या घराला सावली शेजाऱ्याने दिली होती, पाणी गावाच्या तळ्याने दिले होते आणि उंच जागा पूर्वजांनी राखून ठेवली होती. रांग सोडून शेतात जाणाऱ्या घराला या तिन्ही गोष्टी स्वतः उभ्या कराव्या लागतात, आणि त्या उभ्या करताना गावाचे तळे व दुसऱ्याचे शेत यांना धक्का लागू द्यावयाचा नसतो. ज्याला हे ओझे जड वाटते त्याने गावातील जुन्या घराचीच डागडुजी करावी. त्याने निसर्गाचे अधिक भले होईल. ज्याला ते उचलता येते त्याचे घर मात्र पुढील पिढ्यांना निवारा देईल आणि भोवतालचे भातही पिकत राहील.